वॉशरीच्या रिपोर्टात स्लरीला रकाना नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात याच सदरात वणीकडच्या एका शेतकरी वाचकाचं पत्र होतं. कोळसा धुणाऱ्या कारखान्याचं काळं पाणी नाल्यात येतं, गुरं तोंड लावत नाहीत, पाणी ओसरलं की बांधावर बोटभर काळा थर बसतो, असं त्यांनी लिहिलं होतं. हा 'कचरा' कारखान्यानं उचलून न्यावा, ही त्यांची मागणी होती. मागणी सोळा आणे बरोबर आहे. मी अडलो तो त्या 'कचरा' शब्दाशी. ज्या थराबद्दल ते लिहितात, तसल्याच मालात राख किती हे मोजण्यात माझी छत्तीस वर्षं गेली.

मी केमिस्ट. नागपूरहून बी.एस्सी. करून १९८१ च्या पावसाळ्यात धनबाद स्टेशनावर उतरलो आणि झरिया कोळसापट्ट्यातल्या एका सरकारी वॉशरीच्या, म्हणजे कोळसा धुणाऱ्या कारखान्याच्या, प्रयोगशाळेत नोकरीला लागलो. तिथूनच निवृत्त होऊन वरोऱ्याला परत आलो. माझं नाव छापू नये ही विनंती. पेन्शनची एक फाइल अजून तिकडे अडकली आहे, तिला उगाच पाय फुटायला नकोत.

वॉशरीत काय चालतं ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. खाणीतला कोळसा दगडमातीसकट येतो. तो फोडून साधारण पंचाहत्तर मिलिमीटरच्या आत आणायचा. मोठे तुकडे मॅग्नेटाइटची, म्हणजे लोखंडाच्या जड खनिजाची, पूड कालवलेल्या जड पाण्यात सोडायचे. कोळसा तरंगतो, दगड बुडतो. मधल्या आकाराचा माल सायक्लोनमधून, म्हणजे तो गरगर फिरवणाऱ्या शंकूतून, जातो, तिथेही हाच वजनाचा न्याय. घोडं अडतं ते अर्ध्या मिलिमीटरच्या खाली, म्हणजे रव्याहून बारीक मालाशी. इतक्या बारीक कणाला वजनच नसतं म्हणा ना. कोळसा काय आणि माती काय, दोन्ही पाण्यात नुसती लोंबकळत राहतात. ह्या काळ्या पाण्याला आम्ही स्लरी म्हणायचो. वाचकांच्या नाल्यात येतं ते हेच.

ह्या मालाला वजनाचा न्याय लागू पडत नाही, म्हणून दुसरा लावतात. अळवावरचं पाणी सगळ्यांनी पाहिलंय. थेंब पानाला चिकटत नाही, घरंगळतो. कोळशाचा ताजा कण तसाच असतो, पाण्याला अंगाला लागू देत नाही. मातीचा कण उलटा, पाणी पिऊन बसतो. स्लरीत जरासं डिझेल टाकलं की ते कोळशाच्या कणांना धरतं, मातीकडे फिरकत नाही. मग थोडं पाइन ऑइल घालून खालून हवा सोडायची. बुडबुडे वर येताना कोळसा घेऊन येतात आणि टाकीवर काळा, चकचकीत, जाड फेस जमतो. फिरती फावडी तो फेस ताकावरच्या लोण्यासारखा कडेला ओढतात. माती खाली राहते. ह्याला फ्लोटेशन म्हणतात. टनामागे किलो-दीड किलो डिझेल लागतं, पाइन ऑइल त्याहून कितीतरी कमी.

माझी आई हे शाळेत न जाता जाणून होती. आमच्या वरोऱ्याला वर्ध्याहून रेल्वे आली तीच इथल्या खाणीच्या कोळशासाठी. ती खाण केव्हाच बंद झाली, पण माझ्या लहानपणी वखारीत कोळशाची चुरी स्वस्तात मिळायची. शेण आणि चिकणमाती घालून आई तिचे गोळे वळायची, अंगणात वाळवायची आणि शेगडीला वापरायची. वखारवाला चुरीत माती मिसळतो असा तिचा कायमचा संशय. म्हणून चिमूटभर चुरी घेऊन, वर पाण्याचा थेंब टाकून ती अंगठ्यानं चोळायची. चिकटलं तर माती, निसटलं तर कोळसा. पुढे प्रयोगशाळेत मी हेच केलं, फक्त पगार घेऊन.

आमची पद्धत अशी. स्लरीचा नमुना वाळवायचा, कुटायचा, त्यातला एक ग्रॅम क्रुसिबलमध्ये, म्हणजे आच सोसणाऱ्या छोट्या वाटीत, घेऊन ८१५ अंशांच्या भट्टीत जाळायचा. उरलं ते वजन म्हणजे राख. रात्रपाळीला दोनच्या सुमारास नमुना यायचा. भट्टीचं दार उघडलं की तोंडावर झळ, बाहेर जानेवारीची थंडी. चांगल्या कोळशाची राख भुरभुरीत, फुंकर मारली तर उडेल अशी. मातीच्या कोळशाची राख विटकरी, घट्ट, क्रुसिबलमध्ये जास्त उरलेली. काही वर्षांनी वजन न करताही टक्के सांगता येतात, दोन-तीनचा फरक पडेल इतकाच.

आमच्या वॉशरीत फ्लोटेशनच्या टाक्या होत्या. कधी ढवळणीचं रबर गेलं, कधी पंप बसला, म्हणून त्या वर्षातले बरेच महिने बंद असायच्या. तोवर स्लरी सरळ मागच्या तलावात जायची. अशाच एका बंदच्या काळात, नव्वदीच्या आसपास, मी तलावाकडे जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी आठवडाभर दर पाळीला नमुना धरला. प्रयोगशाळेच्या अडीच लिटरच्या टाकीत त्याचं फ्लोटेशन करून पाहिलं. सरासरी आली ती अशी: येणाऱ्या स्लरीत राख २८ टक्के, वर आलेल्या फेसात १७, खाली राहिलेल्या गाळात ५०. आता हिशेब करा. पन्नासातून अठ्ठावीस गेले बावीस. पन्नासातून सतरा गेले तेहतीस. बावीस भागिले तेहतीस, म्हणजे दोन तृतीयांश. तलावात जाणाऱ्या दर शंभर टन सुक्या मालातले सहासष्ट टन पोलाद कारखान्याला चालेल असा कोळसा होता. धुतलेल्या कोळशाची राख सतरा-अठराच्या आत आणायची म्हणून तर सगळी वॉशरी राबत होती!

आणि तो नुसता कोळसा नव्हे, त्यातला उजवा भाग. कोकिंग कोळशात, म्हणजे ज्याचा भाजून पोलाद कारखान्यासाठी कोक करतात त्या कोळशात, जो चकचकीत, काचेसारखा थर असतो, तोच कोक धरतो आणि तोच सगळ्यात ठिसूळ असतो. खाणीत सुरुंग लागला, डंपरमधून पडला, क्रशरमधून गेला की आधी तो फुटतो आणि चुऱ्यात जमा होतो. भाताचा दाणा फेकून कोंडा जपावा तसा तो प्रकार होता.

कागद घेऊन मी साहेबांच्या खोलीत गेलो. माणूस वाईट नव्हता, इंजिनिअर म्हणून चांगला होता. त्यांनी आकडे दोनदा वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "केमिस्ट बाबू, डीज़ल का बिल तो हर महीने आता है। आपका ई छियासठ टन किस खाते में आएगा?"

तेव्हा मला राग आला होता. खरं म्हणजे त्यांनी रोगाचं नाव सांगितलं होतं. वॉशरीच्या रोजच्या रिपोर्टात रकाने असत: कच्चा कोळसा, धुतलेला कोळसा, मिडलिंग म्हणजे मधल्या प्रतीचा माल, रिजेक्ट म्हणजे टाकाऊ दगड. हे सगळं पट्ट्यावरच्या काट्यानं मोजलं जायचं. स्लरी मोजत कुणी नव्हतं. आलेल्या मालातून बाकीचं वजा केलं की उरेल ती स्लरी. काटा चुकला, ओलावा चुकला, कुणी रात्री ट्रक काढला, सगळं त्या वजाबाकीत जिरायचं. डिझेल जळलं तर बिल दिसतं, कोळसा वाहून गेला तर काहीच दिसत नाही. मग कुठला साहेब डिझेल जाळील?

तलावाचीही एक गंमत सांगतो. पाइपाच्या तोंडाशी जाडसर कण आधी बसतात, त्यात कोळसा जास्त. पाणी पुढे जाईल तसा गाळ बारीक होतो आणि पलीकडच्या काठाला निव्वळ चिखल उरतो. तलाव लिलावात काढायच्या वेळी नमुना घ्यायला मंडळी जीपमधून उतरायची ती पलीकडच्या काठाला, कारण रस्ता तिकडे होता. राख यायची पंचेचाळीसच्या पुढे, आणि भाव लागायचा त्या राखेचा, म्हणजे कमी. ठेकेदाराचा मुनशी मात्र खोदायला सुरुवात करायचा पाइपाच्या तोंडापासून. पहिल्या वर्षी मला हा योगायोग वाटला. कोण किती वाटेकरी होतं हे मी पाहिलेलं नाही, म्हणून त्यावर लिहीत नाही. नमुना सहा जागांहून घ्यावा असं मात्र मी लेखी दिलं होतं. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

तलावातूनही निसटलेलं दामोदर नदीत जायचं, आणि तिथे खरी वॉशरी भरायची. काठच्या गावच्या बायका वाळूत खड्डे करून नाल्याचं काळं पाणी त्यात अडवायच्या. वरचं पाणी सांडू द्यायचं, तळाचा काळा गाळ टोपल्यांनी काढून काठावर पसरायचा. वाळला की पोती. ही पोती वीटभट्टीला जायची, गुल करणाऱ्यांकडे जायची. गुल म्हणजे आमच्या आईचे गोळेच. एकदा कुतूहल म्हणून एका म्हातारीच्या ढिगातला मूठभर माल आणून जाळला. राख २६. तिच्याकडे ना डिझेल, ना पंप. खड्ड्याची खोली आणि पाणी सोडायची वेळ, एवढ्यावर तिनं पाइपाच्या तोंडचा माल नदीतून पुन्हा उभा केला होता. कंबरभर पाण्यात उभं राहून, ते पाणी कसलं होतं हे आम्हाला माहीत असताना. तिचं कौतुक करताना मला लाज वाटते, म्हणून इथेच थांबतो.

आता दुसरी बाजू. फ्लोटेशन बंद पडतं ते सगळं आळसानं नव्हे. कोळसा मातीपासून वेगळा करणं त्यामानानं सोपं, त्याला पाण्यापासून वेगळा करताना दम निघतो. आमच्याकडे गोल फिरणारे व्हॅक्युम फिल्टर होते. त्यांच्यावरून निघालेल्या थरात पंचवीस-तीस टक्के पाणीच असायचं. पावसाळ्यात तो माल वॅगनच्या तळाला असा चिकटायचा की मजूर सब्बल घेऊन आत उतरायचे. कोक भट्टीवाले ओरडायचे, कारण आधी पाणी उकळण्यात त्यांचा जाळ खर्च व्हायचा. त्यांचं खरं होतं. फिल्टरचं कापड फाटलं तर नवीन यायला दोन महिने. त्यात अगदी बारीक माती, मैद्यासारखी, फेसाबरोबर चोरून वर येते आणि राख वाढवते. तलावात वर्षानुवर्षं पडलेला माल तर आणखी हट्टी. हवा-पाणी खाऊन कणाचा पृष्ठभाग बदलतो, अळवाच्या पानावरचा मेणाचा थर गेल्यासारखं होतं, मग डिझेलही धरत नाही. म्हणून 'जुने तलाव म्हणजे खजिना' अशी भाषा कुणी केली की मी सावध होतो. ताजी स्लरी त्याच दिवशी धरली तर खजिना, वीस वर्षांनी धरली तर निम्मी मेहनत वाया.

पण ह्या अडचणींवर तोडगे आहेत आणि ते नवे नाहीत. उंच नळकांड्यासारख्या टाकीत वरून पाण्याचा शिडकावा देऊन फेसातली माती धुऊन काढतात. ऑस्ट्रेलियात जेमसन नावाच्या प्राध्यापकांनी १९८० च्या दशकात काढलेली टाकी तिकडच्या वॉशऱ्यांत सर्रास चालते. तिला ढवळणीच नाही, पाण्याच्या झोतानंच हवा ओढली जाते, म्हणजे रबर जायचा प्रश्नच मिटला. पाणी काढायला दाबानं पिळणारे फिल्टर प्रेस आहेत, जाळीचे सेंट्रिफ्यूज आहेत. धनबादजवळ डिगवाडीहला इंधन संशोधन संस्था आमच्या डोळ्यांसमोर होती, आता ती सिम्फर या खाण आणि इंधन संशोधन संस्थेत विलीन झाली आहे. कोळशावर काम करणारी माणसं तिथे होती आणि आहेत. ज्ञान कमी पडलं असं मी तरी म्हणणार नाही.

आज देश वर्षाला पाच कोटी टनांहून जास्त कोकिंग कोळसा बाहेरून आणतो. त्यातला मोठा वाटा त्याच ऑस्ट्रेलियाचा. म्हणजे त्यांनी जेमसनच्या टाकीवर धरलेला फेस आपण डॉलर मोजून जहाजानं आणायचा आणि आपला फेस दामोदरला द्यायचा. केंद्र सरकारनं २०३० पर्यंत देशातलं कच्च्या कोकिंग कोळशाचं उत्पादन १४ कोटी टनांवर न्यायचं ठरवलंय. चांगलं आहे. पण जास्त खणलं, जास्त यंत्रानं खणलं की जास्त चुरा होणार. नवीन खाणीचं उद्घाटन छापताना आपल्या वार्ताहरानं एवढं एक विचारावं: अर्ध्या मिलिमीटरच्या खालचं काय करणार?

तलावांची दुसरी भीती आहे. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या बफेलो क्रीकला २६ फेब्रुवारी १९७२ च्या सकाळी वॉशरीच्या गाळाचा बांध फुटला आणि खालच्या खोऱ्यातली १२५ माणसं मेली. काळं पाणी साठवणं म्हणजे त्याची विल्हेवाट लावणं नव्हे. आमच्या तलावाचा बांध एका पावसाळ्यात पाझरायला लागला तेव्हा रात्रभर पोती टाकणाऱ्यांत मीही होतो. खाली वस्ती होती.

वणी-घुग्घुस-राजुऱ्याकडे येतो, कारण मूळ पत्र तिकडचं. इथे माझं झरियाचं गणित जसंच्या तसं लावू नये. वर्धा खोऱ्यातल्या आपल्या कोळशाचा कोक होत नाही, तो वीज केंद्राचा कोळसा. वीज केंद्रासाठी राख सतरा टक्क्यांपर्यंत खाली आणायची गरजच नसते. लांबच्या केंद्रांना पाठवायच्या कोळशाची राख ३४ टक्क्यांच्या आत हवी, असा पर्यावरण मंत्रालयाचा नियम होता, तोही मे २०२० मध्ये काढून टाकला. तेव्हा इथल्या स्लरीसाठी डिझेल जाळून फ्लोटेशन करा, असं मी म्हणणार नाही, परवडणार नाही. इथे करायचं ते साधं आहे. थिकनरमध्ये, म्हणजे मोठ्या गोल टाकीत, गाळ बसवायचा, बेल्ट प्रेसच्या दोन पट्ट्यांत धरून पिळायचा, पाणी पुन्हा कारखान्यात फिरवायचं आणि पिळलेला माल वीज केंद्राच्या कोळशात थोडा थोडा मिसळायचा किंवा जळणाच्या विटा करून विकायचा. चाळीस-पंचेचाळीस टक्के राखेचा चुरासुद्धा जळतो. बांधावर बसलेला तो बोटभर थर वाळवून शेगडीत टाकून पाहा.

माझी मागणी एवढीच की स्लरी मोजा. तलावाकडे किंवा नाल्याकडे जाणाऱ्या प्रत्येक पाइपावर रोज किती सुका माल गेला आणि त्याची राख किती, हे दोन आकडे रिपोर्टात लिहा, वजाबाकी न करता, मोजून. प्रदूषण मंडळाला पाण्याचे नमुने जातात तसे हेही आकडे जावेत आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत. यंत्र कुठलं घ्यायचं ते नंतर बघता येईल. रोज अमुक टन कोळसा वाहून जातोय असं लिहून त्याखाली सही करावी लागली, की माझ्या त्या साहेबांनाही सहासष्ट टनांचं खातं सापडलं असतं.

त्या शेतकरी बंधूंना एक काम सांगतो. बिसलेरीची रिकामी बाटली घ्या. पाणी नाल्याच्या काठचं घेऊ नका, शक्य तितकं पाइपाच्या जवळचं घ्या आणि तीन वेगवेगळ्या दिवशी घ्या. अर्धी बाटली भरून चहाचा एक चमचा डिझेल टाका, झाकण लावून पाच मिनिटं जोरात हलवा आणि ठेवून द्या. वर काळी साय धरली आणि खाली पाणी राखाडी झालं, तर साय कोळशाची आणि खालचं मातीचं. साय जितकी जाड तितका कारखान्याचा माल तुमच्या नाल्यात. ह्यावरून टक्के निघणार नाहीत, त्यासाठी भट्टी हवी. माझ्याकडे काटा आहे, चार क्रुसिबलं आहेत, भट्टी नाही. वरोऱ्यातल्या किंवा चंद्रपुरातल्या एखाद्या विज्ञान महाविद्यालयानं आठवड्यातून एक दुपार त्यांची भट्टी दिली, तर आणलेल्या प्रत्येक बाटलीची राख मी फुकट काढून देईन. फक्त बाटलीवर तारीख, वेळ आणि जागा लिहिलेली असावी, आणि पाणी पलीकडच्या काठाचं नसावं.

आपला,
एक निवृत्त वॉशरी केमिस्ट
वरोरा, जि. चंद्रपूर